हेन्री नावाचा मास्तर

बारावीत असताना मला एक व्याख्या तोंडपाठ होती. तारेच्या वेटोळ्यातून वाहणारी वीज सेकंदाला एक अँपिअर या वेगाने बदलली आणि त्यामुळे त्याच वेटोळ्यात एक व्होल्ट दाब तयार झाला, तर त्या वेटोळ्याचं स्वप्रेरकत्व एक हेन्री. शाळा बालाघाटातली, हिंदी माध्यमाची, त्यामुळे शब्दही हिंदी. प्रश्न दोन मार्कांचा होता आणि मला दोनपैकी दोन मिळाले. त्यातलं कळलं किती होतं? शून्य. हेन्री हे कुणा माणसाचं नाव असेल हेसुद्धा माझ्या डोक्यात आलं नव्हतं. किलो, लिटर, तसं हेन्री.

बाबांचं मोटार वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. आमच्या भागात धानाची शेती, म्हणून पाण्याचे पंप भरपूर. आणि पंप आले की जळालेल्या मोटारीही आल्याच. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी दुकानात बसले होते. ट्यूबलाइटचा एक जुना चोक पडला होता, चालू आहे की बंद ते बघायचं होतं. मी शहाणपणा करून त्याच्या दोन्ही तारांची उघडी टोकं बोटांत धरली आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीला टेकवली. काही झालं नाही. बारा व्होल्टची बॅटरी, तिने काय होणार? मग मी तार उचलली, आणि कोपरापर्यंत असा झटका बसला की चोक हातातून उडाला. बाबा हसले. चोक चांगला आहे, एवढंच म्हणाले. (हा प्रयोग कुणी करू नये, हे मीच सांगते.)

बॅटरी जोडताना काही नाही आणि सोडताना झटका, हे असं का, म्हणून मी विचारलं. बाबा दहावीपर्यंत शिकलेले. ते म्हणाले की गुंडाळलेल्या तारेला असं एकदम सोडलेलं चालत नाही, ती राग काढते. मी तेव्हा हसले. दोन मार्कांची व्याख्या आणि बाबांचा हा राग या दोन्ही एकच गोष्टी आहेत हे कळायला मला पुढे वर्ष लागलं. आणि ज्या माणसाने हा राग पहिल्यांदा पाहून छापून ठेवला, त्याचंच नाव हेन्री, हेही तेव्हाच कळलं. त्याची गोष्ट मला आपल्या मंडळाच्या वाचकांना सांगायची आहे.

जोसेफ हेन्रीचा जन्म १७ डिसेंबर १७९७चा, अमेरिकेतल्या आल्बनी गावचा. आल्बनी न्यूयॉर्क राज्याची राजधानी होती खरी, पण विज्ञानाच्या नकाशावर ते गाव कुठेच नव्हतं. विज्ञान म्हणजे लंडन, पॅरिस. हेन्रीचं घराणं मूळचं स्कॉटलंडचं, घरची गरिबी. वडील मोलमजुरी करत आणि जोसेफ लहान असतानाच गेले. त्याआधीच त्याला पन्नास-साठ किलोमीटरवरच्या गॉलवे नावाच्या खेड्यात आजीकडे पाठवलं होतं. तिथे अर्धा वेळ शाळा आणि अर्धा वेळ दुकानात नोकरी, असं त्याचं बालपण गेलं.

अभ्यासात तो काही हुशार नव्हता. पण त्या खेड्यातली एक गोष्ट तो मोठेपणी स्वतः सांगत असे. त्याचा पाळलेला ससा पळाला आणि गावच्या चर्चच्या खाली शिरला. मागोमाग हाही सरपटत आत गेला. आत फरशीची एक फट सापडली, तीतून वर चढला तर समोर पुस्तकांनी भरलेलं कपाट. गावाचं वाचनालय चर्चमध्ये होतं. हातात आली ती एक कादंबरी. मग ससा राहिला बाजूला, आणि हा मुलगा त्या चोरवाटेने पुन्हा पुन्हा आत जाऊन कथा-कादंबऱ्या वाचू लागला. विज्ञानाचं वेड लागायच्या आधी त्याला साहित्याचं लागलं होतं, हे वाङ्मय मंडळाच्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं!

तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर तो आल्बनीला आईकडे परतला. एका घड्याळजीकडे उमेदवारीला लागला. तिथे घड्याळं दुरुस्त व्हायची आणि चांदीचंही काम चालायचं. हाताला बारीक कामाची सवय लागली ती तिथे. पण मन होतं नाटकात. गावातल्या हौशी मंडळींत तो नाटकं लिहायचा, बसवायचा, त्यांत कामही करायचा. नट व्हायचं हे जवळजवळ ठरलंच होतं.

सोळाव्या वर्षी तो आजारी पडला आणि काही दिवस घरातच अडकला. आईने घरात एक भाडेकरू ठेवला होता, त्याचं एक पुस्तक टेबलावर पडलेलं. भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र आणि रसायनशास्त्र यांवर सर्वसामान्य माणसांसाठी दिलेली व्याख्यानं त्यात होती. जॉर्ज ग्रेगरी नावाच्या इंग्रज पाद्र्याने ती लिहिली होती. सुरुवातच प्रश्नांनी. वर फेकलेला दगड खाली का येतो? ज्योत मात्र वरच का जाते, दिवा उलटा धरला तरी? पाण्यात बघितलं तर आपलाच चेहरा का दिसतो? या गोष्टी रोज बघूनही आपण कधी विचारल्या नाहीत, हे त्या मुलाला लागलं. भाडेकरूने त्याची आवड बघून पुस्तक त्यालाच देऊन टाकलं. हेन्रीने ते जन्मभर जपून ठेवलं. नाटक सुटलं.

मला इथे थांबून एक सांगावंसं वाटतं. आपण विज्ञान व्याख्येपासून सुरू करतो, आणि प्रश्न सर्वांत शेवटी, स्वाध्यायात येतो. हेन्रीच्या हाती पडलेल्या पुस्तकात आधी प्रश्न होता.

त्यानंतर त्याने आल्बनी अकॅडमीत नाव घातलं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि बाकी मुलं त्याच्याहून कितीतरी लहान. फी माफ झाली होती, पण पोट भरायला तो खेड्यातल्या शाळेत शिकवायचा, श्रीमंतांच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचा. अकॅडमीचे प्रमुख रसायनशास्त्रावर व्याख्यानं देत, त्यांच्या प्रयोगांची मांडामांड हा करायचा. काचेची भांडी, आम्लं, धातू यांची ओळख त्याला अशी हमालीतून झाली. मध्ये रस्त्याच्या मोजणीचंही काम केलं. आणि १८२६ साली त्याच अकॅडमीत तो गणित आणि भौतिकशास्त्राचा शिक्षक झाला.

शिक्षक म्हणजे कसा, तर दिवसाला सात तास शिकवणारा. त्यातला निम्मा वेळ लहान मुलांना अंकगणित. स्वतःचे प्रयोग करायला जागा म्हणजे शाळेचा मोठा हॉल, आणि तोही मोकळा मिळायचा फक्त ऑगस्टच्या सुट्टीत. वर्षातला एक महिना! बाकी अकरा महिने डोक्यात साठवायचं, ऑगस्टमध्ये करून बघायचं आणि सप्टेंबर लागला की सगळं आवरून पुन्हा पाढे.

त्या काळात विजेबद्दल काय माहीत होतं, हे थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. १८०० साली इटलीच्या व्होल्टाने बॅटरी बनवली होती. तांबं आणि जस्त असे दोन धातू पातळ आम्लात बुडवले आणि बाहेरून तारेने जोडले की तारेतून वीज वाहते. हे मूळचं रसायनशास्त्र. जस्त आम्लात विरघळतं, विरघळताना इलेक्ट्रॉन मागे सोडतं, आणि ते तारेतून तांब्याकडे जातात. इलेक्ट्रॉन हा शब्द तेव्हा कुणाला माहीत नव्हता, पण जस्त झिजतं आणि वीज मिळते एवढं दिसत होतं. १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसलं की तारेतून वीज वाहू लागली की शेजारचं होकायंत्र हलतं, म्हणजे विजेभोवती चुंबकत्व असतं. १८२५ साली इंग्लंडमध्ये स्टर्जनने लोखंडाच्या नालाभोवती उघडी तार गुंडाळून वीज सोडली आणि पहिलं विद्युतचुंबक बनवलं. त्याने चारेक किलो वजन उचललं.

स्टर्जनची अडचण काय होती, ते बाबांना न सांगता कळलं असतं. तार उघडी होती. दोन वेढे एकमेकांना चिकटले तर वीज वेढा न घेता आडवाटेने निघून जाणार. म्हणून त्याने लोखंडाला वार्निश लावलं आणि वेढे लांब लांब ठेवले. वेढे थोडे, म्हणून जोर थोडा. हेन्रीने उलट केलं. लोखंडाऐवजी तारेलाच कपडे घातले. तारेवर रेशीम किंवा सुती धागा गुंडाळला, आणि मग एकावर एक थर देत वेढे अगदी खेटून बसवले. आज मोटारीच्या तारेवर जो वार्निशचा पातळ थर असतो, त्याचं काम तेच. धागा गेला आणि वार्निश आलं एवढाच फरक. घड्याळजीकडे घालवलेली वर्षं इथे कामी आली असणार असं मला वाटतं. सैल गुंडाळलेली कॉइल आणि घट्ट बसलेली कॉइल यांत काय फरक पडतो, ते हातांना आधी कळतं.

१८३१ साली त्याने येल कॉलेजसाठी एक चुंबक बनवलं. सुमारे २७ किलोचा लोखंडी नाल, त्यावर सुती धाग्याने मढवलेल्या तांब्याच्या २६ वेगवेगळ्या तारा. त्याने ९०० किलोहून जास्त वजन उचललं. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या एका लोखंडाच्या कारखान्याने खनिज निवडण्याच्या कामासाठी हेन्रीचं चुंबक विकत घेतलं. आमच्या जिल्ह्यात भरवेलीला मँगनीजची खाण आहे आणि मलाजखंडला तांब्याची. तारेचं तांबं कुठून येतं आणि खाणीला विजेचा काय उपयोग, हे आम्ही लहानपणापासून बघतो. म्हणून हा प्रसंग वाचताना मला परका वाटला नाही.

शाळेच्या हॉलमध्ये त्याने भिंतीभोवती फेऱ्या मारून एक मैलाहून लांब तार लावली. या टोकाला बॅटरी, त्या टोकाला विद्युतचुंबक आणि एक छोटी घंटा. इथे जोडलं की तिथे टण्ण वाजायचं. मुलांना दाखवायला केलेला हा खेळ. तारायंत्राचं बीज त्यात आहे हे सगळं जग पुढे मान्य करणार होतं.

आता तो ठिणगीचा प्रसंग. मोठी वेटोळी बॅटरीला जोडता-सोडताना हेन्रीला दिसलं की सोडताना ठिणगी उडते. त्याने ते नीट तपासलं. बॅटरी लहान, आम्ल पातळ, आणि जोडणीसाठी पाऱ्याने भरलेल्या दोन वाट्या. पारा हा द्रवरूप धातू, त्यात तारेचं टोक बुडवलं की जोड पक्का, काढलं की तुटला. आधी फूटभर लांबीची तार घेतली. जोडली, सोडली, काहीच नाही. मग तीस-चाळीस फूट लांब तार घेतली. जोडताना काही नाही, पण पाऱ्यातून टोक उचललं की लख्ख ठिणगी. तीच तार गुंडाळून वेटोळं केलं तर ठिणगी आणखी मोठी. बॅटरी तीच आणि तार तांब्याचीच, बदलली ती फक्त लांबी आणि गुंडाळी. मग जास्तीचा जोर आला कुठून?

कारण असं आहे. तारेत वीज वाहते तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तार गुंडाळली की प्रत्येक वेढ्याचं क्षेत्र शेजारच्या वेढ्यांतूनही जातं, सगळे एकमेकांत अडकतात. वीज स्थिर वाहत असेल तर भांडण नाही. पण वीज बदलू लागली की क्षेत्र बदलतं, आणि बदलतं क्षेत्र त्याच तारेत नवा विद्युतदाब तयार करतं. हा दाब नेहमी बदलाच्या विरुद्ध असतो. वीज वाढत असेल तर तिला मागे ओढतो, कमी होत असेल तर पुढे ढकलतो. धानाची पोती भरलेली बंडी जशी चटकन हलत नाही आणि एकदा धावू लागली की चटकन थांबत नाही, तसंच. बंडीच्या बाबतीत आपण त्याला जडत्व म्हणतो. तारेच्या बाबतीत हिंदीत स्वप्रेरण, मराठीत स्वप्रवर्तन, आणि आमच्या दुकानात तारेचा राग.

माझ्या झटक्याचा हिशेब आता करता येतो. ट्यूबलाइटच्या चोकचं स्वप्रवर्तन ढोबळमानाने एक हेन्री धरू. बारा व्होल्टच्या बॅटरीवर त्यातून साधारण पाव अँपिअर वीज वाहत होती. मी तार उचलली आणि ती वीज सेकंदाच्या हजाराव्या भागात शून्यावर आली असं समजू. म्हणजे बदलाचा वेग झाला सेकंदाला २५० अँपिअर. व्याख्येप्रमाणे दाब २५० व्होल्ट! बारा व्होल्टच्या बॅटरीने घरच्या विजेइतका दाब दिला, तो क्षणभरच, पण माझ्या बोटांमधून. जोडताना झटका का नाही? कारण तेव्हा विरोध करणारा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा मोठा होऊच शकत नाही. ट्यूबलाइट पेटते ती याच झटक्यावर. स्टार्टर सर्किट तोडतो, चोक राग काढतो, आणि नळीतल्या वायूतून वीज वाहायला लागते. त्या नळीत पाऱ्याची वाफ असते. हेन्रीच्या वाटीतला पारा आणि ट्यूबमधला पारा, मध्ये शंभरावर वर्षं.

हे सगळं जर त्याने इतक्या लवकर पाहिलं, तर विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध म्हटलं की आपण फॅरडेचंच नाव का घेतो? हेन्रीच्या आयुष्यातली सल इथे आहे.

आपल्या मोठ्या चुंबकाच्या आडव्या पट्टीवर त्याने दुसरी तार गुंडाळली होती, आणि तिची टोकं लांबवर ठेवलेल्या वीजमापकाला जोडली होती. चुंबक चालू केलं की काटा एकदा हलायचा, बंद केलं की उलट्या बाजूला. चुंबकत्वातून वीज मिळत होती. हा शोध मोठा आहे हे त्याला कळलं होतं, म्हणूनच त्याने ठरवलं की मोठं यंत्र बनवू, सगळं नीट करू आणि मगच लिहू. पण सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, सात तासांचा दिवस पुन्हा आला. तिकडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकल फॅरडेला २९ ऑगस्ट १८३१ रोजी तीच गोष्ट दिसली, आणि तीन महिन्यांच्या आत त्याने ती विद्वानांपुढे मांडलीसुद्धा. फॅरडेही गरीब घरचा, लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. पण त्याच्याकडे प्रयोगशाळा होती आणि वर्षाचे बारा महिने होते. १८३२च्या वसंतात हेन्रीने एका इंग्रजी मासिकात त्या शोधाची छोटीशी बातमी वाचली. त्याला काय वाटलं असेल ते लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत.

मग मात्र त्याने घाई केली. जुलै १८३२च्या अमेरिकन विज्ञान नियतकालिकात त्याचा लेख आला. फॅरडेचं श्रेय त्याने मोकळेपणाने फॅरडेला दिलं. आणि लेखाच्या शेवटी, जाता जाता सांगावं तशी, ती लांब तारेच्या ठिणगीची गोष्ट एका परिच्छेदात घातली. फॅरडेने ती स्वतंत्रपणे अभ्यासली ती दोन वर्षांनंतर, १८३४ साली. म्हणून प्रवर्तन फॅरडेच्या नावावर लागलं आणि स्वप्रवर्तन हेन्रीच्या. छापलेला एक परिच्छेद, तेवढाच फरक. १८३२च्याच जानेवारीत मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण निघालं होतं. छापून ठेवण्याला काय किंमत असते, ते इकडेही नुकतंच कळायला लागलं होतं.

त्याच १८३२ साली त्याला प्रिन्स्टनच्या कॉलेजात बोलावणं आलं. तिथे त्याला वेळ मिळाला आणि सॅम पार्कर नावाचा कृष्णवर्णीय मदतनीसही मिळाला. आम्लं मिसळणं, बॅटऱ्या मांडणं, यंत्रं हाताळणं, हेन्रीचे प्रयोग उभे राहायचे ते त्याच्या हातांवर. याच काळात हेन्रीने एका विजेच्या जोरावर दुसरं सर्किट चालू करणारा रिले बनवला. १८४२ साली त्याने दाखवलं की लायडन जारमधली साठवलेली वीज तारेतून जाताना एकदाच वाहून संपत नाही, तर झोक्यासारखी मागे-पुढे होत शांत होते. ही झोक्याची चाल पुढे रेडिओच्या कामी आली.

१८३७ साली तो युरोपला गेला आणि लंडनमध्ये फॅरडेला भेटला. त्या भेटीची एक गोष्ट पुढे सांगितली जाऊ लागली. फॅरडे आणि त्याचे दोन मित्र उष्णतेपासून मिळणाऱ्या अगदी मंद विजेतून ठिणगी काढायचा प्रयत्न करत होते, आणि ती काही निघेना. हेन्रीने एक तार घेतली, बोटाभोवती गुंडाळून तिचं वेटोळं केलं, मध्ये जोडलं, आणि ठिणगी उडाली. फॅरडे म्हणे आनंदाने टाळ्या वाजवत उठला. यात नुसती गंमत नाही. मंद विजेतूनही वेटोळं ठिणगी काढू शकतं, हे त्या खोलीतल्या बाकी कुणाच्या बोटांना अजून माहीत नव्हतं.

१८४६ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचा तो पहिला सचिव झाला. जेम्स स्मिथसन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कधीही न पाहिलेल्या अमेरिकेला आपली संपत्ती दिली, त्यातून ही संस्था उभी राहिली. जस्ताच्या एका खनिजाला त्याच्याच नावावरून स्मिथसोनाइट म्हणतात. हेन्रीने तिथे बत्तीस वर्षं काम केलं. गावोगावच्या लोकांकडून हवामानाच्या नोंदी मागवल्या, तारेने येणाऱ्या बातम्यांवरून देशाचा हवामानाचा नकाशा रोज लावला. स्वतःचे प्रयोग मात्र जवळजवळ थांबले.

मोर्सचं तारायंत्र १८४४ साली सुरू झालं. त्याला हेन्रीच्या लेखांची आणि सल्ल्याची मदत झाली होती. हेन्रीने कशाचंही पेटंट घेतलं नाही, पैसा मागितला नाही. पुढे पेटंटचे खटले झाले, त्यात हेन्रीला साक्ष द्यावी लागली. त्याने जे खरं ते सांगितलं, तर १८५५ साली मोर्सने त्याच्याविरुद्ध लांबलचक लेख छापला. संस्थेने चौकशी केली आणि हेन्रीचं म्हणणं खरं ठरवलं. तरी मनाला लागायचं ते लागलंच. त्यानंतर २४ जानेवारी १८६५ला स्मिथसोनियनच्या इमारतीला आग लागली, तीत त्याच्या कचेरीतले कागद आणि पत्रं जळाली.

त्याचं सगळंच चांगलं होतं असं नाही. १८६२ साली गुलामगिरीविरोधी व्याख्यानमालेत फ्रेडरिक डग्लस या कृष्णवर्णीय नेत्याला स्मिथसोनियनच्या सभागृहात बोलू द्यायला हेन्रीने नकार दिला. ज्याची प्रयोगशाळा सॅम पार्करच्या हातांवर चालली, त्याने हे करावं, हे वाचून मला वाईट वाटलं. पण मोठ्या माणसाचं चरित्र लिहायचं तर ते पानही ठेवायला हवं.

१८७५ साली एक तरुण त्याच्याकडे आला. तारेतून माणसाचा आवाज पाठवायची कल्पना त्याच्याकडे होती, पण विजेचं पुरेसं ज्ञान आपल्याला नाही म्हणून तो खचला होता. म्हाताऱ्या हेन्रीने त्याला सरळ सांगितलं की ज्ञान नसेल तर मिळव, पण काम सोडू नकोस. तो तरुण अलेक्झांडर ग्रॅहम बेल, आणि पुढच्याच वर्षी टेलिफोन आला. सोळाव्या वर्षी कुणीतरी आपल्याला पुस्तक दिलं होतं, ते हेन्री विसरला नसावा.

१३ मे १८७८ रोजी वॉशिंग्टनमध्ये तो वारला. १८९३ साली शिकागोला भरलेल्या विद्युत परिषदेत स्वप्रवर्तनाच्या एककाला हेन्री हे नाव दिलं गेलं. फॅरडेचं नाव विजेच्या साठवणीच्या एककाला, फॅरडला, आधीच दिलेलं होतं. आता रेडिओच्या प्रत्येक सर्किटमध्ये दोघं शेजारी बसतात.

हे सगळं मी का लिहिलं, ते सांगून थांबते.

पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला सरांनी विचारलं होतं की पंखा बंद करताना बटणात ठिणगी का दिसते. मला उत्तर माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, ते माझ्या कोपरापर्यंत जाऊन आलेलं होतं. पण ते डोक्यात आलं अर्धं हिंदीत, अर्धं बालाघाटी मराठीत. घरी आम्ही मराठी बोलतो. १९५६पर्यंत आमची राजधानीही नागपूरच होती. पण माझं बोलणं ऐकून इथे कुणी हसेल अशी धास्ती वाटायची. इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत शेजारच्या मुलीने उत्तर दिलं. सरांची यात काही चूक नाही. मी नीट वाक्य तयार व्हायची वाट बघत बसले, इतकंच. हेन्रीसुद्धा मोठं यंत्र तयार व्हायची वाट बघत बसला होता.

बाबांकडे एक जुनी वही आहे. कोणत्या मोटारीला किती वेढे, किती नंबरची तार, असं सगळं त्यात आहे. ज्या उस्तादांकडे ते काम शिकले त्यांनी काहीच लिहून ठेवलं नव्हतं, ते गेले आणि त्यांचं त्यांच्याबरोबर गेलं. बाबांच्या वहीत हिंदी आणि मराठी एकत्र आहे, स्पेलिंगं चुकलेली आहेत, पण मोटार मात्र त्यावरून बरोबर बांधली जाते. या उन्हाळ्यात मी ती वही नीट उतरवून काढणार आहे, आणि प्रत्येक पानासमोर तसं का, हेही लिहिणार आहे. ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत.

या अंकाची लिंक मी बाबांना पाठवणार आहे. ते सगळं वाचतील आणि एकच विचारतील, याची मला खात्री आहे: येलच्या त्या चुंबकाला तार किती नंबरची होती?

— द्वितीय वर्ष, विज्ञान शाखा